तार नेमकी कुठे तुटली?

घरातले एखादे यंत्र बंद पडले म्हणजे दोषाचे खापर फोडण्यासाठी डोके शोधावे लागते, आणि ते बहुधा घरातल्या सर्वांत वडील माणसाचे सापडते. मिक्सर फिरेना, गीझर तापेना, की "तुम्ही काहीतरी दाबलंत का?" हा प्रश्न ठरलेलाच. संगणकाच्या बाबतीत तर हा आरोप इतक्या वेळा ऐकावा लागतो की ज्येष्ठ मंडळी अखेर स्वतःच तो मान्य करून मोकळी होतात. या महिन्यात अशाच एका आरोपाची छाननी करावयाची आहे. कारण ज्या बिघाडाविषयी लिहावयाचे आहे तो शंभरात नव्वद वेळा वापरणाऱ्याने केलेला नसतोच.

उज्जैनहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्याजवळ दहा-अकरा वर्षांचा एक लॅपटॉप आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि विंडोज ११ तर इतक्या जुन्या यंत्राला दारातही उभे करीत नाही. तिला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप हवी असते. म्हणून सुटीत आलेल्या नातवाने त्या यंत्रात लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घातली. आजेसासऱ्यांच्या वेळच्या मोडी कागदांची छायाचित्रेही त्याने काढून यंत्रात नीट लावून ठेवली. बाईंना ती पुण्याच्या एका मोडी जाणणाऱ्या परिचितांकडे पाठवावयाची होती. "नातू होता तोवर सारे उत्तम चालले," बाई लिहितात, "तो बेंगळुरूला गेला आणि त्याच्याबरोबर इंटरनेटही गेले. कोपऱ्यातील चिन्हावर टिचकी मारली तर आमच्या घरच्या वाय-फायचे नावसुद्धा दिसत नाही. दुकानात नेले तर तो म्हणाला, माताजी, इसमें अब कुछ नहीं रखा. नया ले लीजिए, नहीं तो सब साफ करके पुराना विंडोज डाल देता हूँ. मी काहीतरी बिघडविले असावे."

बाईंना सर्वप्रथम कळवितो की 'सब साफ' हे दोन शब्द ऐकताच लॅपटॉप उचलून घरी आणला हे त्यांनी फार चांगले केले. इंटरनेट नसल्याने यंत्रातील एकही छायाचित्र नाहीसे होत नाही. दुकानदाराच्या त्या सफाईने मात्र सर्व नाहीसे झाले असते. पुढचे काहीही करण्यापूर्वी तो मोडी कागदांचा संग्रह एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. पेनड्राइव्ह लावला की त्याचे चिन्ह पडद्यावर उमटते. छायाचित्रांची घडी धरून त्यावर सोडावी. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. एवढे झाले की मग निर्धास्त मनाने शोध घेता येईल.

त्यांच्या पत्रातच या कोड्याची किल्ली आहे. शेवटच्या पानावर त्या सहज लिहून जातात की नातू काम करीत असे तेव्हा त्याचा फोन तारेने लॅपटॉपला जोडलेला असे; "बहुधा चार्ज करीत असावा." तो चार्ज करीत नव्हता. लॅपटॉपचे वाय-फाय पहिल्या दिवसापासून चालतच नव्हते, आणि चिरंजीव आपल्या फोनचे इंटरनेट त्या तारेतून यंत्राला पाजीत होते. वाय-फायची दुरुस्ती पुढे ढकलली गेली, सुटी संपली, तार त्यांच्या पिशवीत गेली. तेव्हा बाईंनी काहीही बिघडविलेले नाही.

आता वाय-फाय मुळात का चालेना, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला आणि जगभरच्या शेकडो जाणकारांनी तो वाढविला. मिंट, उबुंटू, डेबियन ही त्याच गाभ्याभोवती बांधलेली निरनिराळी घरे. या मंडळींचा एक आग्रह असा की प्रणालीतील प्रत्येक ओळ कोणालाही वाचता यावी, सुधारता यावी. परंतु संगणकात प्रोसेसरखेरीज अनेक लहान चिपा असतात, आणि वाय-फायची चिप त्यांतली मोठी मानी. तिला जागे करण्यासाठी तिच्या निर्मात्याने लिहिलेली एक छोटी फाइल तिच्या कानात घालावी लागते. या फाइलीला फर्मवेअर म्हणतात. काही कंपन्या ही फाइल वाटण्याची मुभा लिनक्सकर्त्यांना आनंदाने देतात. इंटेलच्या वाय-फाय चिपा म्हणूनच बहुधा पहिल्या फटक्यात चालतात. काही कंपन्या मात्र वर्षानुवर्षे हात आखडता घेत आल्या. ब्रॉडकॉम या कंपनीच्या चिपा लॅपटॉपांतून लक्षावधींनी बसविल्या गेल्या, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅमरांना चिपेची वागणूक बाहेरून न्याहाळून, उलट्या मार्गाने तिची भाषा शिकावी लागली. २०१० साली कंपनीने आपल्या काही चिपांचा चालक-प्रोग्रॅम खुला केला, सर्वांचा नव्हे.

हे दुखणे नवे नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून, त्याचे ते किरकिरणे ऐकत बसावे लागे. पुढे स्वस्त मोडेम निघाले. त्यांनी आपले निम्मे काम विंडोजमधील एका प्रोग्रॅमवर सोपविले होते. विंडोज नसेल तर तो मोडेम म्हणजे निव्वळ पत्र्याची डबी. त्या काळी लिनक्स वापरणाऱ्यांनी मोडेमवरून जे भोगले तेच पुढे वाय-फायवरून भोगले.

यातील खरी गंमत, किंवा क्रूरता म्हणा, अशी की हरवलेली फाइल मिळते इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळण्यासाठी हवी ती फाइल. पेटीची किल्ली पेटीतच! नवख्या माणसाची हिंमत खचते ती येथे. चालक-प्रोग्रॅम शोधा, असे जो तो सांगतो. कशाने शोधावयाचे ते कोणी सांगत नाही. डेबियनच्या मंडळींत या फायली मूळ प्रतीत घालाव्यात की नाही यावर दीर्घ वाद चालला. अखेर २०२२ साली त्यांनी मतदान घेऊन त्या घालण्याचे ठरविले आणि जून २०२३ मध्ये निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून त्या प्रतीत येऊ लागल्या. तत्त्वनिष्ठांना हे रुचले नाही. माझे मत विचाराल तर निर्णय योग्य होता: जी प्रणाली सुरूच होत नाही तिची तत्त्वे वाचावयास कोण बसणार? तरीही काही चिपांच्या फायली अद्याप वेगळ्या मागवाव्या लागतात, आणि बाईंची चिप त्यांतली दिसते.

पेटी उघडण्याची दुसरी वाट मात्र आहे, आणि ती अगदी साधी आहे. वाय-फाय हा इंटरनेटचा एकमेव दरवाजा नव्हे. तारेच्या जोडणीला अशी नखऱ्याची फाइल सहसा लागत नाही. लॅपटॉपला रुंद चौकोनी खोबण असेल तर राउटरमधून निघणारी जाड तार तीत खोचावी. मिनिटभरात कोपऱ्यातील चिन्ह बदलते. (आपल्या जुन्या वाड्यांत राउटर एका टोकाला आणि बसण्याची जागा दुसऱ्या टोकाला असते, या कामापुरता लॅपटॉप राउटरपाशी नेऊन बसावे.) हल्लीच्या पातळ यंत्रांना ती खोबणच नसते. तेव्हा नातवाने केले तेच करावे.

अँड्रॉइड फोन तारेने लॅपटॉपला जोडावा. तार मात्र पारखून घ्यावी. बाजारात कित्येक तारा केवळ वीज वाहणाऱ्या मिळतात, माहिती वाहून नेणाऱ्या नव्हेत. फोनबरोबर आलेली मूळ तार उत्तम. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तेथे हॉटस्पॉट आणि टेदरिंग, आणि त्यात यूएसबी टेदरिंग ही खिटी असते. तार बरोबर लागली नसेल तर ही खिटी फिकट दिसते आणि सरकत नाही. तोच तारेचा दोष ओळखण्याचा उपाय. खिटी सरकविताच लिनक्सला वाटते की आपल्याला एक साधी तार जोडली आहे. ते कोणताही प्रश्न न विचारता चालू लागते. आणखी एक सोय पुष्कळांना ठाऊक नसते: फोन त्या वेळी घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच वाय-फाय तारेतून पुढे पाठवितात, म्हणजे मोबाइलचा डेटाही खर्ची पडत नाही. लॅपटॉपला जे वाय-फाय ऐकू येत नाही ते फोनने ऐकावे आणि त्याच्या कानात सांगावे, असा हा प्रकार.

एवढे झाले की मिंटच्या मेनूत 'ड्रायव्हर मॅनेजर' शोधून उघडावा. तो यंत्राच्या पोटातील चिपा पाहतो आणि ज्यांची फाइल वेगळी आणावी लागते त्यांची नावे दाखवितो. तेथे ब्रॉडकॉम किंवा तत्सम नाव दिसेल. त्यासमोर 'शिफारस केलेला' म्हणून खूण असलेला पर्याय निवडावा, परवलीचा शब्द द्यावा आणि काम पुरे होईतो तार हलवू नये. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. उबुंटूमध्ये हीच सोय 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' या नावाखाली आहे. काही यंत्रांत मधेच एक नवा परवलीचा शब्द ठरविण्यास सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. त्याने घाबरून जाऊ नये. ती 'सिक्युअर बूट' या पहारेकऱ्याची चौकशी आहे. बाहेरून आलेली फाइल आपणच आणली आहे हे त्याला सांगावयाचे असते. 'एनरोल' हा पर्याय निवडून नुकताच ठरविलेला शब्द पुन्हा द्यावा. तो शब्द आधीच कागदावर लिहून ठेवला असेल तर बरे, कारण त्या पडद्यावर काही शोधता येत नाही.

मात्र या वाटेला लागण्यापूर्वी एक शंका फेडून घ्यावी. कित्येकदा चिप ठीक असते आणि वाय-फाय केवळ मिटलेले असते. जुन्या लॅपटॉपांच्या कडेला एक चिमुकली खिटी असे. पुसताना ती सरकते. नव्यांत विमानाचे चित्र असलेली कळ असते. लिनक्सलाच विचारावयाचे असेल तर टर्मिनल उघडून इंग्रजी लहान लिपीत आर-एफ-के-आय-एल-एल ही सहा अक्षरे सलग टंकावी, एक मोकळी जागा सोडून 'लिस्ट' लिहावे आणि एंटर दाबावे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर कुलूप प्रणालीने लावले आहे, ते चिन्हावरून उघडते; 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर कुलूप त्या खिटीचे किंवा कळेचे. यादीत वाय-फायचे नावच नसेल, तर मात्र फाइलीचा शोध घ्यावा.

नाव दिसू लागले की निम्मी लढाई संपली. आपल्या राउटरचे नाव सोडून शेजाऱ्यांची सर्व नावे दिसत असतील तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी: राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या चिपांना पुष्कळदा पहिलीच ऐकू येते. राउटरवर ती बंद केली असेल तर सुरू करून घ्यावी; जाड भिंतींच्या घरात तीच अधिक लांब पोहोचते. परवलीचा शब्द नाकारला जात असेल तर तो लिहिताना डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारून उघडा करून पाहावा. आपल्या मंडळींच्या यंत्रांत मराठी कळफलक घातलेला असतो आणि तो चुकून सुरू राहिलेला असतो. आपण इंग्रजी अक्षरे टंकतो आहोत असे वाटते, आणि ठिपक्यांच्या पडद्याआड बाराखडी उमटत असते.

आता उरला तो सर्वांत फसवा प्रकार: चिन्ह म्हणते जोडणी झाली, आणि पान तर एकही उघडत नाही. येथे अंदाजाने दहा गोष्टी बदलण्यापेक्षा तार कोठवर शाबूत आहे हे मोजीत जावे. त्यासाठी 'पिंग' नावाचे एक जुने, साधे साधन प्रत्येक लिनक्समध्ये असते. माइक म्युस या अमेरिकन प्रोग्रॅमराने ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात नाद सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या नादावरून हे नाव. आपण हाक मारावयाची आणि ओ येते का ते पाहावयाचे, एवढेच त्याचे काम.

टर्मिनलमध्ये पिंग, मोकळी जागा आणि राउटरचा अंक टंकावा. पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या तळाच्या चिठ्ठीवर छापलेला सापडतो. अंकही इंग्रजी कळांनीच द्यावेत. ओळीमागून ओळ येऊ लागली की ओ आली. थांबविण्यासाठी कंट्रोल आणि सी या कळा एकदम दाबाव्यात, नाहीतर ते दिवसभर हाका मारीत बसेल. राउटर ओ देत नसेल तर दोष घरातच आहे. यंत्राला मिळालेला अंक जोडणीच्या तपशिलात दिसतो, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की राउटरने यंत्राला पत्ताच दिला नाही, आणि कंटाळून यंत्राने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता लावून घेतला. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू केला तर बहुधा हे मिटते.

राउटरने ओ दिली तर पुढची हाक १.१.१.१ या अंकाला मारावी. हा घराबाहेरचा, जगप्रसिद्ध पत्ता आहे. तेथून उत्तर नसेल तर गाठ पडली ती बाहेर, सेवा पुरविणाऱ्याकडे. लॅपटॉपला बोल लावू नये, फोनवर तक्रार नोंदवावी. कित्येक स्थानिक केबलवाले आधी एका पानावर नाव व शब्द भरून घेतात, किंवा ठराविक यंत्राचीच नोंद मानतात, तेही विचारून घ्यावे. १.१.१.१ कडून ओ येते आणि तरीही पाने उघडत नाहीत, असे झाले तर पिंगपुढे अंकाऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहून पाहावे. अंक चालतो आणि नाव चालत नाही, तर बिघाड नावांच्या वहीत आहे. माणसे नावे लक्षात ठेवतात आणि यंत्रे अंक; दोघांमध्ये भाषांतर करणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. जोडणीच्या सेटिंग्जमध्ये डीएनएसच्या रकान्यात १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा अंक भरून पुन्हा जोडले की पाने धडाधड उघडू लागतात.

आणि नावही चालते, पण ब्राउझर मात्र प्रत्येक पानाला 'ही जोडणी सुरक्षित नाही' म्हणून अडवितो? मग घड्याळ पाहावे. जुन्या लॅपटॉपच्या पोटातील बटणाएवढा सेल संपला की यंत्राचा दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठराविक मुदतीची असतात. जो संगणक आज २०१२ साल आहे असे मानतो त्याला ती सर्व अजून जन्मालाच आलेली नाहीत असे दिसते, आणि तो बिचारा इमानेइतबारे सर्वांना खोटे ठरवितो. दिनांक हाताने सुधारावा, सेल बदलून घ्यावा. त्याला फारसा पैसा पडत नाही. ज्यांनी विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले आहेत त्यांचे घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकते. त्याचे कारण सेल नव्हे. दोन्ही प्रणाली एकाच घड्याळाकडे पाहतात, पण एक त्याला भारतीय वेळ समजते आणि दुसरी ग्रीनिचची.

जोडणी झाली की मिंटमधील ढालीचे चिन्ह अद्ययावत होण्याचा आग्रह धरते. तो मानावा, परंतु फोन मोबाइलच्या डेटावर असताना नव्हे. पहिल्या खेपेस बरेच शेकडो मेगाबाइट उतरतात आणि दिवसाचा कोटा दुपारपर्यंत संपतो. फोनची ती पारखलेली तार लॅपटॉपच्या पिशवीतच राहू द्यावी. क्वचित अद्ययावत झाल्यानंतर गाभा बदलतो आणि वाय-फायची वेगळी आणलेली फाइल त्याच्याशी जुळत नाही. अशा वेळी यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून आधीच्या गाभ्याने सुरुवात करावी. यादी दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबावी. जुना गाभा पुसलेला नसतो, तो तेथेच असतो, आणि त्यावर वाय-फाय पूर्वीसारखे चालते.